तुळशीचं लग्न लागलं आणि कार्डाचं बिल आलं

मुक्काम_डोंबिवली | ७ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१२

परवा पौर्णिमेला सोसायटीतलं तुळशीचं लग्न लागलं, ऊस-चिंचा-आवळे वाटून झाले आणि काल क्रेडिट कार्डाचं बिल आलं. ६१,४०० रुपये. भरायची शेवटची तारीख २५. बोनसचे ३५ हजार आले होते, ते पहिल्या अंघोळीच्या आधीच संपले.

गेली चार-पाच वर्षं हेच चाललंय. नोव्हेंबर-डिसेंबरात आम्ही दोघं पैशावरून एकमेकांशी तुटक बोलतो. जानेवारीत लेकीच्या फीचा दुसरा हप्ता येतो, तेव्हा आणखी एक फेरी होते. होळीच्या सुमारास गाडी रुळावर येते.

यंदा चिडून का होईना, सगळं लिहून काढलं. माझ्या आणि बायकोच्या फोनमधले यूपीआयचे मेसेज, कार्डाचं बिल, गावच्या वाण्याची चिठ्ठी, सगळं. त्याआधी कुणी विचारलं असतं तर मी बेधडक "पन्नासेक हजार" म्हणालो असतो. गणपती ते भाऊबीज प्रत्यक्षात असं झालं:

गावी जाणं-येणं, डिझेल-टोल – ८,४००
गणपतीत आमच्या वाट्याचा खर्च (मूर्ती, आरास, किराणा, भजनाच्या रात्रीची उसळ-पाव) – ११,०००
गौरी, ओवसा (गौरीपुढचं सुपांचं वाण), साड्या – ५,२००
वर्गण्या (गाव + सोसायटी + नाक्यावरचं मंडळ) – ४,३००
दिवाळीचे कपडे – १८,६००
किराणा आणि फराळ – ९,८००
कंदील, पणत्या, फटाके – २,९००
पोस्त (कामाच्या मावशी, वॉचमन, कचरेवाले, पेपरवाला) – ५,८००
भाऊबीज – ९,०००
लोकांना द्यायचे सुक्यामेव्याचे डबे – ७,२००
बाहेर खाणं, रिक्षा-टॅक्सी वगैरे – ६,४००

एकूण ८८,६००.

टीव्ही यात नाही. जीएसटी २८ चा १८ झाला म्हणून ४३ इंची घेतला, ३२ हजारांचा, नो कॉस्ट ईएमआयवर. नऊ हप्ते.

आता गंमत बघा. कपड्यांवर पैसे जाणार हे ठाऊक होतं. पण वर्गणी, पोस्त, भाऊबीज आणि डबे या चार ओळींचे मिळून २६,३०० होतात, आणि यातली एकही ओळ मी आधी डोक्यात धरली नव्हती. दरवर्षी असतात, तरी दरवर्षी नव्याने आल्यासारख्या येतात.

तूर्त कार्डाची किमान रक्कम ३,०७० भरावी आणि उरलेले तीन-चार महिन्यांत फेडावेत असा विचार आहे. ८० हजारांची एक एफडी आहे, पण ती आईच्या आजारपणासाठी ठेवलीय, मोडायची नाही. तुम्ही लोक सणांचा खर्च कसा बसवता? खरं सांगा, आदर्श नको.

---

खमंग_चिवडा | रात्री ११:३१

"दिवाळीत दिवाळं" हा विनोद कुणीतरी करणारच, म्हणून मीच उरकून टाकतो. आता पुढच्यांनी कामाचं बोला.

---

निवृत्त_कॅशियर | ८ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

किमान रक्कम भरू नका. चहा घेण्याआधी हे लिहायला बसलेय, यावरून काय ते समजा.

आकडे तुमचेच घेऊ. ६१,४०० तून ३,०७० भरले की राहिले ५८,३३०. कार्डाचा व्याजदर महिना साडेतीन टक्के धरू, बहुतेकांचा त्याच्या आसपास असतो, तुमच्या बिलावर छापलेला असेल. महिन्याचं व्याज झालं २,०४२. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३६७. म्हणजे एका महिन्याचे २,४०९. तुम्ही भरलेल्या तीन हजार सत्तरातले मुद्दलात गेले जेमतेम साडेसहाशे! हा झाला ढोबळ हिशेब. खरा याहून वाईट, कारण व्याज बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं. आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. उद्या त्याच कार्डावर दूध आणलंत तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज.

बिलावर बारीक अक्षरात एक वाक्य असतं, की दरमहा फक्त किमान रक्कम भरलीत तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल. ते छापणं रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केलंय. ते वाचणारा माणूस मी ३१ वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

एकीकडे एफडीवर साडेसहा-सात टक्के मिळवायचे आणि दुसरीकडे कार्डाला वर्षाचे बेचाळीस द्यायचे, हा कुठला व्यवहार?

---

मुक्काम_डोंबिवली | सकाळी ८:०५

काका, हिशेब बघून पोटात गोळा आला. पण ती एफडी आईच्या नावाने बाजूला काढलेली. ती मोडली तर मला झोप लागणार नाही.

---

निवृत्त_कॅशियर | सकाळी ८:२०

काका नाही, काकू.

मग मोडू नका. एफडी तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात, म्हणजे ८० हजारांवर ७२. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि तेही जितके दिवस जितके पैसे वापरले तितक्यावरच. एफडी जागेवर राहते, तिचं व्याज तुम्हाला चालूच राहतं. आईला मध्येच काही लागलं तर तेव्हा मोडता येईलच. शाखेत जाऊन अर्ध्या तासाचं काम. बऱ्याच बँकांत ॲपवरूनही होतं.

२५ तारखेच्या आत कार्ड पूर्ण मोकळं करा आणि कपाटात ठेवा.

---

पत्ता_बदलला | सकाळी ९:४०

काकू +१. वाखूसा (वाचनखूण साठवली).

नो कॉस्ट ईएमआयबद्दल थोडं. बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी कापून देते. पण त्या व्याजावरचा जीएसटी दर हप्त्याला आपल्याच खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी. ३२ हजारांवर नऊ महिन्यांत पाच-सहाशे रुपये सहज जातात. ते एक वेळ सोडा. दुकानात "रोख किंवा यूपीआय दिलं तर किती कमी कराल?" हे विचारलं होतंत का? मी फ्रिजच्या वेळी विचारलं, तर १,८०० कमी झाले. ती खरी कॉस्ट.

---

रूळ_आणि_रस्ता | सकाळी ११:१५

बोनसवरून आठवलं. आम्हा रेल्वेवाल्यांना दसऱ्याच्या आधी ७८ दिवसांचा बोनस जाहीर होतो, पेपरात मथळा येतो आणि सासुरवाडीपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांना वाटतं की याला अडीच पगार मिळाले. अहो, तो मोजतात महिना सात हजारांच्या हिशेबाने. हातात येतात जास्तीत जास्त १७,९५१. बायकोलाही पहिली दोन वर्षं खरं वाटलं नव्हतं, तिला पावती दाखवली.

सांगायचं कारण असं, की बोनस कानावर पडतो तेवढा मोठा नसतो आणि खर्च मात्र कानावर पडलेल्या आकड्याने होतो. आता मी बोनस आला की त्याच दिवशी मुलाच्या जानेवारीच्या फीला वेगळा काढतो. दिवाळी पगारात. जेवढ्यात बसेल तेवढी.

---

सांजवेळ | दुपारी १:०२

मला एक कळत नाही. वर्षातून एकदा सण येतो, त्यात वही घेऊन बसायचं? आमचे वडील कारकून होते, घरात पाच भावंडं, पण दिवाळीला कमी पडलं असं कधी झालं नाही. सगळं मोजायला लागलं की सणातला आनंद जातो. थोडं कर्ज झालं तर फेडता येतं, पोरांचं लहानपण परत येत नाही.

---

आजीचा_डबा | दुपारी १:३०

सांजवेळ, कमी पडलं नाही कारण तुमच्या आईने मोजलं होतं. तुम्हाला दिसलं नाही इतकंच.

आमच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा होता, झाकणावरचा रंग उडालेला. त्यात लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं उलटी करून चिकटवलेली, आणि त्यांवर पेन्सिलीने लिहिलेलं: भाऊबीज, बोहारीण-भांडी (हो, हेही!), पोस्त, तेल-डालडा, बाबांचा सदरा. आई दर महिन्याच्या दोन तारखेला दार लावून बसायची आणि पाकिटांत दहा-वीस रुपये टाकायची. कालनिर्णयच्या पानामागे दुधाच्या हिशेबाखाली त्याची बेरीज. पेन्सिल का, तर ऑगस्टमध्ये शाळेचा रेनकोट आला की "बाबांचा सदरा" खोडून तिथे "रेनकोट" व्हायचं. बाबांना तीन दिवाळ्या सदरा मिळाला नाही, हे मला डबा हातात आला तेव्हा कळलं.

मी आता तेच बँकेत करते. पाकिटांऐवजी तीन आवर्ती ठेवी.

---

सांजवेळ | दुपारी १:५८

घ्या. आता आईला फोन करून विचारावं लागणार.

---

मुळा_मुठा | दुपारी ३:२०

धागाकर्ते, कापाकापी करायची तर मला तुमच्या यादीत दोन जागा दिसतात. सुक्यामेव्याचे डबे आणि पोस्त. कामवाल्यांना पूर्ण पगार देण्याची पद्धत कुणी सुरू केली कोण जाणे. हजार रुपये आणि मिठाईचा डबा पुरे. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी मिळून तसं ठरवलंय, म्हणजे कुणी एकटा वाईट दिसत नाही.

---

शेवटची_लोकल | दुपारी ४:०६

मुळा_मुठा, शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

माझी आई पाच घरी धुणंभांडी करायची. दिवाळीला पाचही घरांतून एकेक पगार मिळायचा, म्हणजे तिच्या हिशेबाने वर्षाला तेरा पगार. तो तेरावा पगार आमच्याकडे जूनपासूनच खर्च झालेला असायचा. वह्या-पुस्तकं उधारीवर आणलेली असायची, वाण्याला शब्द दिलेला, "दिवाळीत देते." कारखान्यातल्या कामगाराला बोनसचा कायदा आहे. किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या बारा पगारांमागे एक पगार. घरकाम करणाऱ्या बाईला तो कायदा लागू नाही. तिच्या बाबतीत रीत हाच कायदा.

मी सातवीत असताना एका घराने त्या वर्षी पगाराऐवजी साडी दिली. चांगली होती साडी, निळी. आई घरी आली, साडी खाटेवर ठेवली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. वाण्याचे साडेतीनशे द्यायचे होते. साडी वाणी घेत नाही.

तुमच्या सोसायटीने ठरवलं म्हणजे एका बाईच्या सहा-सात घरांचे पैसे एकदमच कमी झाले. तिला ते कुणी जूनमध्ये सांगितलं होतं का?

---

मुळा_मुठा | दुपारी ४:५०

नव्हतं सांगितलं. विषय सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये काढतो.

---

निवृत्त_कॅशियर | संध्याकाळी ५:१०

शेवटची_लोकल, अनुमोदन. पोस्त हा सणाचा खर्च मानूच नका. तो तेरावा पगार आहे, महिन्याच्या हिशेबातच धरायचा. मावशींना साडेतीन हजार देता ना? दर महिन्याला तीनशे बाजूला. डबे मात्र खुशाल कापा. सुकामेवा ज्याच्या घरी जातो तो पुढे दुसऱ्याच्या घरी जातो. मला एकदा मीच दिलेला डबा भाऊबीजेला परत आला होता, आतल्या चिठ्ठीसकट.

---

खमंग_चिवडा | संध्याकाळी ५:१४

चिठ्ठीसकट! 😂

---

मांजराकाठ | रात्री ८:३३

तुमचं सगळं पगार-बोनसाचं चाललंय, वाचून बरं वाटलं आणि वाईटही. आमच्याकडे लातूर भागात बोनस म्हणजे सोयाबीन. दसरा-दिवाळीच्या तोंडावर काढणी, मळणी, आणि हातात तोच एक माल. हमीभाव यंदा क्विंटलला ५,३२८ आहे. पण खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत दिवाळी होऊन जाते, आणि सुरू झालं तरी ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. सप्टेंबरच्या पावसाने शेतात तळं झालेलं, दाणा काळा पडलेला, ओलावा कुठून १२ येणार? पोरीला फ्रॉक आणि बायकोला माहेरी जायचं भाडं हवं म्हणून माणूस वीस पोती घेऊन आडतीवर जातो आणि मिळेल त्या भावाला देतो. दिवाळीच्या खर्चापायी क्विंटलमागे हजार-दीड हजार सुटले, तर ते कुठल्या ओळीत लिहायचे?

मी दोन वर्षांपासून एक केलंय. सगळा माल एकदम विकायचा नाही. दिवाळीपुरती चार पोती, बाकी वाळवून घरात. त्यासाठी जूनमध्येच दोन शेळ्या घेतल्या, त्यांचा एक बोकड दसऱ्याच्या आधी विकला की कपडे-फराळ निघतं. शेळी ही आमची आवर्ती ठेव. व्याज बँकेपेक्षा बरं देते, फक्त रात्री ओरडते.

---

पंचगंगेकडचा | रात्री ९:०१

मांजराकाठ, बाकीची पोती लवकर वाळोत.

आमच्या कोल्हापूरकडे त्या मानाने नशीब. दूध संघाचा फरक दिवाळीआधी जमा होतो. वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे ठरलेली रक्कम एकदम. कारखान्याची सभासदांची साखरही सवलतीत मिळते. आई म्हणते, फरक म्हणजे म्हशीने दिलेली भाऊबीज. वर्षभर न मागता कापलं जातं आणि गरजेला एकदम येतं, म्हणून टिकतं. तेच पैसे दर दहा दिवसांच्या बिलात आले असते तर मोबाईलमध्ये गेले असते.

---

चवथीचो_माटोळी | रात्री ९:४५

गोव्यातून राम राम. आमची दिवाळी साधी, पोहे आणि नरकासुर. खरा खर्च चवथीचा, म्हणजे गणपतीचा. म्हापशाच्या बाजारात चवथीच्या आदल्या दोन दिवसांत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांच्या आराशीचं) सामान घ्यायला गेलात तर सुपारीच्या एका कातऱ्याला (घोसाला) काय भाव सांगतील याचा नेम नाही. आम्ही तीन घरांनी मिळून ठरवलंय: नारळ एकाच्या कुळागरातले (बागेतले), रानटी फळं दुसऱ्याने डोंगरावरून आणायची, आणि केळीचे घड माझ्याकडचे. पूर्वी माटोळी तशीच व्हायची. बाजारातून आणायची चाल अलीकडची.

---

मुक्काम_डोंबिवली | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

सगळ्यांचे आभार. शेवटची_लोकल यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आम्ही पोस्ताच्या ओळीला हात लावणार नाही, हे ठरलं.

गणपतीच्या ११ हजारांबद्दल: आम्ही तिघं भाऊ. धाकटा गावीच, त्याच्याकडे पैसे कमी पण राबतो तोच. मधला ठाण्यात. कोणी किती द्यायचे हे कधी ठरलेलंच नाही. जो वाण्याकडे उभा असतो तो देतो, आणि बहुतेक वेळा तो मी असतो. बोलायला गेलं तर "देवाच्या कामात हिशेब काय" हे वाक्य तयार असतं.

---

आजीचा_डबा | सकाळी १०:५५

पाळी लावा. तिघं भाऊ, तीन वर्षांतून एकदा एकाची पाळी. त्या वर्षी मूर्ती, भटजी, किराणा, सगळा खर्च त्याचा. बाकीच्यांनी हात हलवत यायचं, फार तर पेढ्यांचा पुडा. गावी राबणाऱ्या धाकट्याच्या पाळीत तुम्ही दोघांनी अर्धा भार उचलायचा. माझ्या माहेरी साखरप्याला वीस वर्षं हेच चालू आहे. पाळी असलेला माणूस दोन वर्षं आधीपासून साठवतो, आणि जो देतो तोच ठरवतो, त्यामुळे आराशीवरून भांडणं नाहीत.

---

निवृत्त_कॅशियर | दुपारी १२:१५

आता पुढच्या वर्षाचं. पंचांग बघा, फायद्याचं आहे. २०२६ ला अधिक ज्येष्ठ येतोय, १७ मे ते १५ जून. त्यामुळे सगळे सण पुढे ढकलले जातात. यंदा गणपती २७ ऑगस्टला आले, पुढच्या वर्षी १४ सप्टेंबरला. लक्ष्मीपूजन यंदा २१ ऑक्टोबरला, पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला. म्हणजे दोन दिवाळ्यांच्या मध्ये ३८३ दिवस. एक पगार जास्तीचा मिळतोय तुम्हाला, तो पकडा.

१ डिसेंबरला दोन आवर्ती ठेवी उघडा. पहिली नऊ महिन्यांची, ती १ सप्टेंबरला हातात पडेल, गणपतीच्या तेरा दिवस आधी. दुसरी दहा महिन्यांची, ती १ ऑक्टोबरला, दसरा-दिवाळीसाठी. पोस्टातली नको, ती पाच वर्षांची असते. बँकेतली घ्या. तुमच्या आकड्यांत गणपतीच्या चार ओळी मिळून २८,९०० आहेत, तर पहिली ३,२०० ची. दिवाळीच्या ५९,७०० तून डबे आणि बाहेरचं खाणं कापा, कपडे थोडे आखूड करा, आणि ४० हजारांवर आणा. दुसरी चार हजारांची.

७,२०० महिन्याला जड वाटतील. पण सध्या हेच पैसे तुम्ही नोव्हेंबर ते मार्च भरता, वर व्याज देऊन.

---

पत्ता_बदलला | दुपारी १२:४०

सोनाराच्या भिशीबद्दल कुणी लिहिलं नाही. अकरा हप्ते तुमचे, बारावा त्यांचा. अकराच का, तर कंपनीने घेतलेली अशी आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालाने फेडली नाही तर ती ठेव ठरते आणि मग ठेवींचे नियम लागतात. आम्ही ओळखीतल्या एका सोनाराकडे नऊ हप्ते भरले, दहाव्याला गेलो तर शटर खाली. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, इथे काही नाही. तोळा सव्वा लाखाच्या पुढे गेल्यापासून ह्या योजनांची भुरळ वाढलीय, म्हणून सांगितलं.

---

घाटमाथा | दुपारी २:२२

पुणे-नागपूर दिवाळीला जाणाऱ्यांनी प्रवासाची ओळ विसरू नका. रेल्वेचं आगाऊ आरक्षण गेल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. पुढच्या दिवाळीसाठी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला बसायचं, म्हणजे गणपतीच्याही आधी. चुकलात तर खासगी बस. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यांना एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही. कागदावर. मी यंदा किती दिले ते इथे लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

---

घाटमाथा_यांची_बायको | दुपारी ३:०१

वाचतेय.

---

आजीचा_डबा | दुपारी ३:४०

😄 काकूंनी अधिक महिन्याचा फायदा सांगितला, खर्च नाही सांगितला. धोंड्याचा महिना! ज्यांची मुलगी लग्न झालेली आहे त्यांनी आत्ताच वहीत लिहा. लेक-जावई जेवायला, ताट-निरांजन, ३३ अनारसे, आणि आता तर चांदीशिवाय लोक बोलतच नाहीत. अनारसे घरी करा. तीन दिवस तांदूळ भिजवणं आणि गूळ, बाकी फार काही लागत नाही. अनारसा तळताना हसला (पसरून विरला) नाही की सगळं जमलं.

---

मुक्काम_डोंबिवली | ४ जानेवारी २०२६, रात्री १०:४७

धागा वर काढतोय.

एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेतला, कार्ड २२ नोव्हेंबरला पूर्ण भरलं. ओव्हरड्राफ्टमधले आता २६ हजार राहिलेत. दोन्ही आवर्ती ठेवी चालू आहेत, काकू. पण ७,२०० नाही, ५,५०० च्या. फेड संपली की वाढवतो. जानेवारीची फी भरली आणि फेरी झाली नाही. म्हणजे झाली, पण छोटी.

भावांशी पाळीचं बोललो. मधला लगेच हो म्हणाला, इतका लगेच की मला संशय आला. नंतर कळलं, तोही दरवर्षी वाण्याकडे स्वतःच उभा असतो असं त्याला वाटत होतं. २०२६ ची पाळी त्याची.

अवघड गेलं ते भाऊबीजेचं. ताईला फोन केला. म्हटलं, ताई, तू मला दोन हजारांचा शर्ट आणतेस, भाच्यांना मी काही आणतो, तुला मी पाकीट देतो, वर साडी. पुढच्या वर्षीपासून फक्त ओवाळणी, तीही पाचशे एक, आणि जेवण. ती गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मी येऊ नको का?" फोन ठेवला. आठ दिवस बोलणं नाही. आई माझ्यावर चिडली.

---

शेवटची_लोकल | रात्री ११:०२

आणि मग?

---

मुक्काम_डोंबिवली | रात्री ११:१०

मागच्या रविवारी तिचाच फोन आला. भाओजींना ऑक्टोबरपासून पगार अर्धा मिळतोय. त्या शर्टाचे पैसे तिने शेजारणीकडून घेतले होते. तो अजून घडीसकट माझ्या कपाटात आहे. माप लहान पडलं होतं, मी तिला सांगितलं नव्हतं.

---

निवृत्त_कॅशियर | ५ जानेवारी, सकाळी ६:३५

दुकानात जाऊन बदलून आणा आणि तिच्याकडे जाताना घाला. महिने झालेत म्हणून दुकानदार कुरकुर करेल, करू दे.